शिमगा ते पाडवा : तळ्यावरची पाखरं मोजायची तर

तारीख ठरवताना कुणाला सुट्टी कधी आहे ते नंतर बघा, आधी तळ्यातलं पाणी बघा. आपल्या सोलापूरच्या तळ्यांवर एका दिवसात पाखरं मोजायची असतील तर मार्चचा मधला पंधरवडा धरावा, साधारण शिमग्यापासून पाडव्यापर्यंतचा. तिथीला मात्र घट्ट धरून बसू नका. अधिक महिना आला की शिमगा लांबतो, आणि पाखरं तिथी पाळत नाहीत, दिवसाची लांबी पाळतात. दिवस-रात्र सारखी व्हायला आली की उत्तरेकडून आलेल्या बदकांना परतीची ओढ लागते, आणि त्याच सुमारास इथल्या पाखरांची वीण सुरू होते. म्हणजे एकाच तळ्याच्या एका अंगाला निघायच्या तयारीतले पाहुणे आणि दुसऱ्या अंगाला घर मांडणारे घरचे. जानेवारीत पाणपक्ष्यांची मोठी गणना होते, आशियाभर, १९८७ पासून. तिच्यातून हिवाळ्याचा आकडा मिळतो. कोण कधी निघालं, कोण मागं रेंगाळलं, कुणाची जोडी जमली, हे मात्र तुमच्या या एका दिवसाच्या वहीतच सापडणार आहे. म्हणून ती वही अशी भरा की तुम्ही समोर नसताना, वीस वर्षांनी, एखाद्या परक्या माणसानंही त्यातल्या आकड्यावर भरवसा ठेवावा. मी पुढं जे जे सांगणार आहे ते सगळं एवढ्यासाठीच.

पाण्याचं बोलत होते. हिप्परग्याचा तलाव, कागदोपत्री एकरुख, इंग्रजी अमदानीत आदिला नदीवर बांधलेला. मार्चपर्यंत त्याचं पाणी मागं सरलं असेल तर काठानं ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. टिलवे, तुतवार, कंठेरी चिखल्या ही सगळी बारकी पाखरं त्या पट्ट्यावरच चरतात, कारण त्यांच्या चोचीला पोचेल एवढ्याच खोलीवर त्यांचं अन्न असतं. पाऊस भरपूर होऊन तलाव काठोकाठ राहिला असेल तर चिखल नाही, आणि चिखल नाही तर ही पाखरंही नाहीत. पाणी फारच आटलं असेल तर उरलेल्या डबक्याभोवती सगळी गर्दी एकवटते. मोजायला सोपं, पण तळ्याची तब्येत बिघडल्याची ती खूण आहे, तीही वहीत लिहायची. म्हणून नेमलेल्या दिवसाच्या तीन-चार दिवस आधी दोघांनी जाऊन सगळी ठिकाणं फिरून यावं. चिखल कुठं उघडा पडलाय, पाणकणीस कुठं दाट आहे, जाळी कुठं लावलीत, गाडी कुठपर्यंत जाते, एवढं बघून यायचं. आणि मासे धरणाऱ्यांना, मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांना विचारायचं. “काका, पांढरी मोठी पाखरं कुठल्या अंगाला बसतात?” एवढं विचारलं तर ते हातानं जागा दाखवतात. रोज पहाटेपासून ते तिथंच असतात, त्यांच्याइतकी माहिती तुमच्या दुर्बिणीला नाही.

त्यांच्या तोंडची नावंही टिपून घ्या, पुस्तकातल्या नावाशेजारी कंसात. मारुती चितमपल्ली आपल्याच सोलापूरचे. १९३२ चा त्यांचा जन्म इथला आणि २०२५ मध्ये ते गेले तेही इथंच. वनखात्यात असताना त्यांनी रानातल्या माणसांकडून पाखरांची नावं जमवली, म्हणून मराठीला पक्षीकोश मिळाला. हिप्परग्याच्या काठावर कोणी एखाद्या बदकाला वेगळंच नाव देत असेल तर ते तुमच्या वहीत उतरायला हवं, कारण ती माणसंही आता म्हातारी होत चालली आहेत.

आता दिवसाचा क्रम. पहिली गोष्ट, नान्नजचा मोह आवरा. माळढोकासाठी १९७९ मध्ये तिथं अभयारण्य झालं. माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला असला तरी बार्शी रस्त्यावरच्या त्या माळावर चंडोल, पखुर्ड्या, भोवत्या अशी पाखरं मिळून तुमची यादी लांबेल हे खरं. पण तिथं जाऊन यायचं म्हणजे सकाळची सोन्यासारखी वेळ गेली, आणि आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. दिवस तळ्यांचा ठरवला आहे ना, मग तो तळ्यांनाच द्या. नान्नजला वेगळा दिवस द्यावा इतकं ते मोठं आहे. अक्कलकोट तालुक्यातल्या कुरनूर धरणाचंही तसंच, पट्टकादंबांसाठी तिकडं जरूर जा, पण दुसरी चौकडी करून किंवा दुसऱ्या दिवशी.

या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. त्याच्या अर्धा तास आधी हिप्परग्याला पोचलेलं असावं. अंधारात गाडीतून उतरलात की दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. रातवा, पिंगळा, पाण्यावरून रात्रभर चरून परतणाऱ्या अडयांची शीळ, हे सगळं उजाडायच्या आत संपतं. मग उजेड आल्यावर सूर्य पाठीशी येईल असं उभं राहा. सकाळी पूर्वेचा काठ, संध्याकाळी पश्चिमेचा. हे सांगायला सोपं वाटतं, पण बहुतेक लोक रस्ता जिथं पाण्याला लागतो तिथंच उभे राहतात आणि तासभर काळ्या सावल्या बघतात. उन्हाकडं तोंड करून पाहिलेलं बदक काळंच दिसतं. मग ते कुठलं, यावर नुसती भांडणं.

बदकं आणि चिखलावरची पाखरं नऊ-साडेनऊच्या आत मोजून संपवा. नंतर काय होतं तर जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते आणि तिच्यातून येणारा उजेड वाकडातिकडा होतो. साध्या डोळ्याला ते झळा म्हणून दिसतं. टेलिस्कोपमधून बघाल तर अख्खं पाखरू थरथरतं, पायाचा रंग कळत नाही, एकाची दोन दिसतात. टेलिस्कोप जितका मोठा तितकी झळ मोठी दिसते, म्हणून महागडं यंत्र असूनही उपयोग नाही. सोलापूरच्या मार्चमध्ये दहापासून चारपर्यंत लांबचं काहीही मोजू नका. तो वेळ झाडांना द्या. सिद्धेश्वर तळ्याकाठची आणि कंबर तलावाच्या भोवतालची झाडं, त्यांच्यावर हळद्या, तांबट, शिंजीर, सुभग. काठाच्या झुडपातून कुवाक कोंबडी. पांगारा किंवा पळस फुलला असेल तर त्याच्याखाली अर्धा तास बसा, सारं गाव तिथं मध खायला येतं. आणि ऊन चढलं की मान वर करून आभाळ बघा. तापलेल्या हवेच्या आधारानं घारी, गरुड, करकोचे याच वेळी घिरट्या घेत वर चढतात. बारा ते तीन मात्र माणसांनीही सावलीत बसावं. चार वाजता होटगीच्या तलावावर, आणि सूर्य कलला की रातथाऱ्याला.

तुम्ही चौघं आहात ते बरं आहे. चारापेक्षा जास्त असाल तर गप्पा होतात, कमी असाल तर पाठीमागं बघायला कुणी उरत नाही. काम वाटून घ्या. एकानं टेलिस्कोप धरायचा आणि मोठ्यानं बोलत जायचं. एकानं फक्त लिहायचं, दुर्बीण गळ्यात असली तरी लिहिताना डोळ्याला लावायची नाही. तिसऱ्यानं पाण्याकडं पाठ करून उभं राहायचं. शेत, झुडूप, तारा, आभाळ हे त्याचं. सगळे पाण्याकडं बघत असताना मागच्या बाभळीवर खाटीक बसून जातो, तो नेहमी याच्यामुळंच सापडतो. चौथ्याकडं घड्याळ. किती वाजता आलो, किती वाजता निघालो, किती चाललो, हे त्यानं लिहायचं आणि वेळ झाली की कितीही रंगात आलेले असलात तरी निघायला लावायचं. तळं बदललं की कामं फिरवा, कारण एकच डोळा सलग टेलिस्कोपला लावला की तो थकतो आणि थकलेला डोळा त्याला हवं ते बघतो.

आणि हा नियम पक्का ठेवा : कुठलीही जात यादीत येण्यासाठी निदान दोघांनी ती पाहिलेली किंवा ऐकलेली असावी. एकानंच पाहिली तर ती वहीच्या मागच्या पानावर, तपशिलासकट. यात कुणाच्या शब्दावर अविश्वास नाही. तुमच्यातला जो सगळ्यात अनुभवी आहे त्यालाही हा नियम लावा, त्याला तर आधी लावा. लहानानं “हे मला तसं वाटत नाही” म्हटलं तर मोठ्यानं पुन्हा टेलिस्कोपला डोळा लावायचा. ज्या चौकडीत धाकट्याला असं म्हणता येतं तिची यादी मी डोळे मिटून घेईन.

मोजण्याचं जरा सावकाश सांगते, कारण इथंच बहुतेक वह्या फसतात. “वारकरी, खूप” असं लिहिलेलं पान मला दाखवू नका. वारकरी म्हणजे ते काळं पाणपाखरू, कपाळावर पांढरा टिळा असलेलं. तुम्हाला खूप म्हणजे दोनशे असतील, दुसऱ्याला दोन हजार. पन्नासपर्यंत एक-एक मोजा, आळस करू नका. त्याच्या पुढं गेले की आधी दहा नीट मोजून डोळ्यात बसवा, मग तेवढ्या जागेचा तुकडा थव्यावर ठेवत पुढं सरका, ज्वारीची रास ओंजळीनं मोजावी तसं. हजारांचा थवा असेल तर शंभराचा तुकडा. माणूस मोठा थवा नेहमी कमी धरतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून अंदाज सांगायच्या आधी एकदा तरी एका कोपऱ्यातले खरे मोजून आपला डोळा तपासून घ्या. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांना न सांगता मोजायचं आणि मग आकडे समोर ठेवायचे. एक म्हणतो चारशे, दुसरा म्हणतो साडेचारशे, ठीक आहे. एक म्हणतो चारशे आणि दुसरा नऊशे, तर मधला आकडा काढू नका, दोघांनी पुन्हा मोजा. कुणाचं तरी निम्मं तळं राहिलेलं असतं.

टेलिस्कोप नेहमी डावीकडून उजवीकडं फिरवा आणि काठावरच्या खुणा ठरवून घ्या : पंपघर, वाळलेलं झाड, विजेचा खांब. पंपघरापासून झाडापर्यंत एवढे, झाडापासून खांबापर्यंत एवढे. थवा मध्येच उडाला तर कुठल्या तुकड्यातला उडाला ते कळतं, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. बुड्या मारणाऱ्यांचं वेगळं तंत्र आहे. टिबुकली, शेंडी बदक, पाणकावळे यांच्यातले काही कुठल्याही क्षणी पाण्याखाली असतात. त्यांना तीन वेळा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा घ्या. बेरीज नाही, सरासरीही नाही.

एका तळ्यावरून उठलेला थवा दुसऱ्यावर तुमच्या आधी जाऊन बसलेला असू शकतो. म्हणून उडालेल्या मोठ्या थव्याची वेळ आणि दिशा लिहा. तळ्यातळ्याचे आकडे वेगळे ठेवा, शेवटी त्यांची बेरीज करून “सोलापुरात इतके” असं सांगायला जाऊ नका. जातींची यादी मात्र दिवसभराची एकच.

आता ओळखण्याचं. हिवाळ्यात जी पाखरं तुम्ही पुस्तकातल्या चित्रावरून शिकलात ती मार्चमध्ये कपडे बदलत असतात, आणि अर्धवट बदललेलं पाखरू कुठल्याच चित्राशी जुळत नाही. घाबरून नवी जात शोधू नका, आधी ओळखीच्यांतलंच कुणी आहे का ते बघा. कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, कानामागं एक काळसर ठिपका. आता त्याच डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढायला लागलेली असते; कुणाची पूर्ण, कुणाची अर्धी, एकाच थव्यात दोन्ही. नदी सुरयाची चोच पिवळीधमक झालेली. दुसरे जे सुरय थंडीत नुसते राखी-पांढरे होते त्यांच्यातल्या काहींचं पोट काळवंडू लागलेलं आणि गाल मात्र पांढरेच. पिवळ्या धोब्याच्या छातीवर खरा पिवळा रंग आता येतो. लांब सरळ चोचीच्या पाणटिवळ्याच्या मानेवर विटकरी झाक. चक्रवाकाच्या नराच्या गळ्यात बारीक काळा गोफ दिसू लागतो, मादीला तो नसतो. ही गोष्ट टेलिस्कोपमधून बघून नर-मादी वेगळे लिहिता आले तर जरूर लिहा. गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी व्हायला लागते. ढोकरीची पाठ एरवी मातकट, ती विणीच्या हंगामात तांबूस जांभळी होते आणि तुम्हाला ती ओळखू येत नाही. उडाली की पांढरेशुभ्र पंख दिसतात, मग शंका राहत नाही. कमळपक्ष्यांतला लांब शेपटीचा जो, त्याची शेपटी अजून वाढायची असते, तेव्हा शेपटी नाही म्हणून त्याला दुसरं नाव देऊ नका.

बदकांच्या माद्या सगळ्यांना रडवतात. रंगाकडं बघूच नका, चोच आणि ठेवण बघा. फावड्यासारखी रुंद चोच, डोकं खाली घालून पाणी चाळत चाललंय, थापट्या. मान लांब, शेपूट टोकदार, अंग सडपातळ, तलवार बदक. भुवई बदकाच्या नराला पांढरी ठळक भुवई असते, मादीच्या तोंडावर आडव्या फिक्या-गडद पट्ट्या. चक्रांग त्याच्याएवढाच बारीक, पण तोंड साधं. उडाला की पंखात हिरवा आरसा चमकतो. हळदी-कुंकू तर चोचीनंच ओळखू येतं, टोकाला हळद आणि बुडाशी कुंकू, आणि ते इथलंच आहे, उन्हाळ्यातही राहतं. भुवई बदक आणि थापट्या उशिरा निघतात, एप्रिलमध्येही काही असतात. तेव्हा मार्चच्या शेवटी तळ्यावर बदकं उरली असतील तर ती हीच असण्याचा संभव जास्त, तरी चोच बघितल्याशिवाय लिहू नका.

पांढऱ्या बगळ्यांत गोंधळ नको. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे, बोटं पिवळी. मोठा आणि मध्यम यांच्यात चोचीच्या रंगावर जाऊ नका, विणीत दोघांचीही चोच काळी पडते. तोंडाची फट बघा : मोठ्या बगळ्याची डोळ्याच्या मागंपर्यंत जाते, मध्यमाची डोळ्याखालीच संपते. टिलव्यांचे पाय बघा, काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळसर असतील तर टेमिंकचा. तुतवारांत जो काठावर शेपूट सतत खालीवर हलवतो आणि ज्याच्या खांद्यापुढं पांढरी पाचर वर शिरलेली असते तो साधा तुतवार. पाठ ठिपक्याठिपक्यांची आणि भुवई लांब पांढरी तो ठिपकेवाला. जो गडद, एकटा, उडताना पाठीमागं पांढराशुभ्र दिसतो तो हिरवा. इतकं बघूनही ठरत नसेल तर “तुतवार, जात कळली नाही, ३” असं लिहा. अशी ओळ वहीत असली की मला त्या वहीवर जास्त भरवसा वाटतो.

पट्टकादंब दिसले तर प्रत्येकाची मान नीट बघा. हे हंस हिमालय ओलांडून तिबेट, लडाख, मंगोलियाकडं वीण करायला जातात, आणि मंगोलियात मानेत अक्षरांचा पट्टा घातलेले हंस भारतातल्या तळ्यांवर दिसलेले आहेत. पट्ट्याचा रंग आणि त्यावरची अक्षरं, किंवा कुठल्याही पाखराच्या पायातल्या कड्याचा रंग, आकडा, डावा पाय की उजवा, हे लिहा, फोटो काढा आणि मुंबईच्या बीएनएचएसला कळवा. १८८३ पासूनची संस्था आहे, पाखरांना कडी घालण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. मार्चमध्ये बरेच पट्टकादंब निघून गेलेले असतील. उरलेले पाच असले तर पाचांच्या माना बघायला वेळ किती लागतो?

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. पाणी मागं सरलेल्या त्या उघड्या पट्ट्यावर आणि तळ्यातल्या बेटांवर टिटवी, शेकाट्या, कंठेरी चिखल्या, नदी सुरय हे सगळे मार्चपासून अंडी घालू लागतात. घरटं म्हणजे जमिनीत एक उथळ खळगा, त्यात खडे, कधी तेही नाहीत. अंडी मातीच्याच रंगाची. पाऊल ठेवल्यावर आवाज आला तरच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून सुकलेल्या काठावरून चालताना एकामागं एक चाला, ढोरांनी मळवलेल्या वाटेनंच. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, किंवा एखादं पाखरू पंख मोडल्यासारखं फरफटत तुमच्यापुढं पळू लागलं, तर समजा की घरटं जवळ आहे. जिथून आलात तिथूनच, त्याच पावलांवरून मागं फिरा. घरटं शोधू नका, फोटो काढू नका. सोलापूरच्या उन्हात उघडं पडलेलं अंडं फार वेळ टिकत नाही. टिटवी दुपारी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर उभी राहून त्यांना गार ठेवते. तुम्ही तिथं दहा मिनिटं रेंगाळलात तर ती दहा मिनिटं तिला ते करता येत नाही. ड्रोन उडवणारा कुणी बरोबर येत असेल तर त्याला घरी ठेवा. मोबाईलवर आवाज वाजवून पाखराला बाहेर काढायचं नाही. विणीच्या दिवसांत ते आपल्या हद्दीत दुसरा घुसला असं समजून घरटं सोडून धावतं. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळी वाजवणाऱ्या माणसाबरोबर मी पुन्हा गेलेली नाही. उत्तरेला निघालेली बदकं या दिवसांत अंगावर चरबी चढवत असतात, पुढचा सगळा प्रवास तिच्यावर होतो. दर वेळी उडवलं की ती खर्च होते.

जाळ्यात अडकलेलं पाखरू दिसलं तर आधी जाळं ज्याचं त्याला हाक मारा, बहुतेक वेळा तोच ते सोडवून देतो. मेलेली पाखरं एकाच ठिकाणी चार-पाच दिसली तर हात लावू नका. जागा, जात, संख्या लिहून वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

ऐकण्याबद्दल फार सांगत नाही, ते सवयीनंच येतं. मार्चमध्ये पावशा ओरडायला लागतो, कोकीळ दिवसभर, तांबट दुपारभर. पाणकणसात बोरूतले वटवटे कर्कश बडबडतात आणि दिसत मात्र नाहीत; आवाजावरून खात्री असेल तर “ऐकला” असं लिहून घ्या, दिसला म्हणू नका.

बरोबर काय घ्यायचं? आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगाची दुर्बीण पुरते, जास्त पटीची हातात हलते. शाईचं पेन नको, शिसपेन्सिल, कारण घामानं शाई पसरते. मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, माणशी निदान चार लिटर पाणी. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. कडक भाकरी दिवसभर खराब होत नाही, आणि ती मोडायला बसलात की आपोआप वीस मिनिटं एका जागी शांत बसणं होतं. त्या वीस मिनिटांत जवळ येणारं पाखरू नेहमी येतं.

दिसलं नाही तेही लिहा. कंबर तलावावर तासभर थांबून एकही बदक नाही, तर “बदकं ०, एक तास” अशी ओळ हवी. तुमच्या वहीत पान रिकामं असेल तर पुढच्या माणसाला कळणार कसं की तुम्ही गेलातच नाही की गेलात आणि नव्हतं? जलपर्णी किती पसरलीय, बेशरम किती वाढलाय, पाणी हिरवं आहे का, कुठं भर टाकलीय, हेही एका ओळीत. एखादी जात गेली तर का गेली याचं उत्तर बहुधा याच ओळींत सापडतं.

संध्याकाळी भोरड्यांचा रातथारा. पळसमैना म्हणा, भोरड्या म्हणा, हिवाळाभर ज्वारीवर ताव मारलेल्या या गुलाबी-काळ्या पाखरांचे थवे एप्रिलपर्यंत निघून जातात, मार्चमध्ये बाभळीच्या एखाद्या दाट राईत किंवा पाणकणसात हजारोंनी उतरतात. त्यांना बसल्यावर मोजता येत नाही. ते येतात त्या वाटेवर एक खांब धरा, त्याच्या रेषेवरून एका मिनिटात किती गेले ते दहाच्या तुकड्यांनी मोजा, दर पाच मिनिटांनी पुन्हा एक मिनिट, अंधार पडेपर्यंत. मग हिशेब करा. त्याच वेळी बगळे, शराटी, धोबी हेही रातथाऱ्याला येतात, म्हणून दोघं भोरड्यांकडं आणि दोघं बाकीच्यांकडं.

अंधार पडल्यावर थेट घरी जायचं नाही. चहाच्या टपरीवर किंवा कुणाच्या तरी ओट्यावर चौघांनी बसून यादी एकानं मोठ्यानं वाचायची, एकेक जात. कुणी “थांब” म्हटलं की तिथं थांबायचं आणि कुणी कुठं, किती वेळ, काय खूण पाहिली ते बोलायचं. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर मागच्या पानावर. हे त्याच रात्री करा, सकाळपर्यंत डोळ्यातलं चित्र पुस्तकातल्या चित्राशी मिसळून जातं. यात तीन-चार जाती गळतील. शेजारच्या चौकडीची यादी तुमच्यापेक्षा लांब निघेल, निघू द्या.

ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, चढवताना मात्र दिवसाची एकच लांबलचक यादी करू नका. प्रत्येक तळ्याची वेगळी, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती किलोमीटर, आणि प्रत्येक जातीपुढं आकडा. तिथं आकड्याऐवजी फुली टाकायची सोय आहे, ती वापरू नका. दुर्मीळ काही असेल तर खूण आणि फोटो जोडा, तपासणारा माणूस विचारणारच आहे आणि त्यानं विचारावंच. कागदी वहीची पानं फोटो काढून ठेवा, वही मात्र फेकू नका. संगणकात चढवताना चुकून एक शून्य जास्त पडलं तर वहीतच सापडतं. तुम्ही कुठं उभे होतात ती जागा, पंपघराच्या डाव्या हाताला किती पावलांवर, असं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात, त्याच जागी, त्याच वेळेला उभं राहायचंय, आणि तेव्हा तुमच्यातले दोघं कदाचित पुण्याला नोकरीला गेलेले असतील. त्यांच्या जागी येणाऱ्या दोन नव्या पोरांना ती पावलं मोजता आली पाहिजेत. वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात यादीची एक प्रत द्या, आणि एक त्या मासे धरणाऱ्या काकांनाही वाचून दाखवा.